आहेरातलं हडप्पा

आमच्या घरात इतिहास शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि त्यामुळे आमचं घर बराच काळ हडप्पाच्या पुढे सरकलं नाही.

आम्ही राहतो शिरूरला. नवरा महेश सणसवाडीच्या एका कंपनीत शिफ्टवर जातो, मी घरी असते आणि आमची दहा वर्षांची सई शाळेत जात नाही. म्हणजे आधी जायची. पण तिला प्रश्न विचारायची खोड आणि तिच्या शाळेला उत्तरं पाठ करून घ्यायची! एकदा इतिहासाच्या पेपरात 'कारणे द्या' या प्रश्नाखाली तिने लिहिलं, 'मलापण हेच विचारायचंय.' बाईंनी मला बोलावून घेतलं. मी तो पेपर वाचला आणि पोरीला घेऊनच घरी आले. माझा स्वभावच तसा आहे, एकदा ठरलं की ठरलं. (विचार मी नंतर करते.)

गणित-विज्ञान जमत होतं. इतिहास मात्र मला गोष्टींमधून शिकवायचा होता. प्रत्येक काळावरचं एक छानसं गोष्टीचं पुस्तक घ्यायचं, मोठ्याने वाचायचं, त्यावर गप्पा मारायच्या, की सनावळ्या आपोआप डोक्यात बसतात. ही अक्कल माझी नव्हे, इंटरनेटवरच्या परदेशी आयांची. त्यांच्याकडे अशा पुस्तकांचा तयार संच खोक्यात भरून मिळतो, आईने मुलांना काय विचारायचं तेसुद्धा छापलेलं. मी त्याची किंमत महेशला दाखवली. त्याने शून्यं मोजली आणि विचारलं, "ह्यात मास्तरीण पण येते का?"

तेव्हा मी जाहीर केलं, की असा संच मी स्वतः तयार करीन आणि तोही जवळजवळ फुकटात!

अडचण एकच होती, माझे सासरे. आबा वडगाव रासाईला असतात, शेती बघतात. नातीला शाळेतून काढल्याचं त्यांना आमच्याकडून न कळता पारावर कळलं, त्यामुळे आम्हाला ताबडतोब बोलावणं आलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "जूनपर्यंत बघतो. शाळा उघडायच्या आत मी सवता परीक्षा घेणार. इतिहास पहिल्यापासनं नीट सांगता आला, तर ऱ्हाऊ द्या घरी. न्हाई आला, तर मीच तिला शाळेच्या व्हॅनमधी बसवून येनार."

महेशने मान हलवली. (वडिलांसमोर त्याची मान आपोआप हलते.) परतताना गाडीवर सई माझ्या पाठीला चिकटून म्हणाली, "आई, मला नाही बसायचं व्हॅनमध्ये." मी म्हटलं, अगं, माझ्यावर सोड. पोरगी पहिल्यांदाच आनंदाने शिकत होती आणि ते सगळं आता माझ्या इतिहासावर येऊन ठेपलं होतं. माझ्या!

पण देव अशा वेळी बुद्धी देतो. (कुठली देतो, ते तो बघत नाही.) त्याच महिन्यात आबांची पंचाहत्तरी होती. आमच्याकडे असा कार्यक्रम म्हणजे शाल, नारळ आणि फेटा. आबांच्या ट्रंका आधीच शालींनी गच्च भरलेल्या, त्यातली एकही कधी अंगावर आलेली नाही. मी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'कृपया शाल-श्रीफळ आणू नये. आहेर म्हणून इतिहासावरचं एकेक गोष्टीचं पुस्तक आणावं.' धडाधड अंगठे आले. एवढी मोठी भावकी, प्रत्येकाचं एक पुस्तक, म्हणजे अश्मयुगापासून स्वातंत्र्यापर्यंत सगळा अभ्यासक्रम घरपोच! महेश म्हणाला, असं मागणं बरं दिसतं का? मी त्याला सांगितलं, की तू फक्त मंडप बघ.

कार्यक्रमाला माणसं आली ती हातात चौकोनी पुडकी घेऊनच. माईकवर नाव पुकारलं जायचं, माणूस स्टेजवर चढायचा, आबांच्या हातात पुडकं, फोटो, पुढचा माणूस. मी खाली बसून मनातल्या मनात मांडणी करत होते. हे सातवाहन असणार. हे यादव. ते जाडसर दिसतंय, ती पेशवाई. दौंडहून माझे आईवडील आले होते, त्यांनाही मी अभिमानाने सांगितलं, की बघा, अभ्यासक्रम असा पायाने चालत येतो.

पाहुणे गेल्यावर आम्ही पुडकी फोडायला बसलो. पहिलं पुस्तक हडप्पातल्या एका कुंभाराच्या मुलीची गोष्ट. मुखपृष्ठावर मुलगी मडकं रंगवतेय. वा, सुरुवातीपासून सुरुवात! दुसरं फोडलं. कुंभाराची मुलगी. तिसरं. मुलगी मडकं रंगवतच होती. मग मी, महेश आणि सई तिघंही कागद फाडत राहिलो आणि मुलींचा ढीग वाढत गेला.

खुलासा केला तो आबांच्या चुलतभावाने, सर्जेराव काकांनी. शिरूरच्या स्टँडजवळच्या दुकानातून पहिलं पुस्तक त्यांनीच आणलं होतं. "आता एकानं जाडं द्यायचं, एकानं पातळ, मग चर्चा हुती, कुनी काय दिलं. उगं मनं दुखत्यात," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून बसून ठरीवलं. समद्यांनी एकच द्यायचं. दुकानदाराला गठ्ठाच मागवाया लावला." भावकीत इतकं एकमत बांधाच्या भांडणातसुद्धा कधी झालं नव्हतं.

बदलून आणायचं म्हटलं, तर दुकानदार सर्जेराव काकांचा व्याही. 'सुनेने आहेर परत केला' ही बातमी माझ्या स्कूटीच्या आधी वडगावला पोचली असती. पण मी हरणाऱ्यातली नाही. आहेर परत करता येत नाही, पण फिरवता येतो! टॉवेल-टोपी नाही का वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात हिंडत? दौंडला माझ्या मावसभावाचं लग्न होतं. मी तिथे सगळ्या पाहुण्यांना एकेक कुंभाराची मुलगी दिली आणि प्रत्येकाला बजावलं, की परतफेड कराल तेव्हा इतिहासाचंच पण दुसरं पुस्तक द्या. सगळे हो म्हणाले.

मी एक गोष्ट विसरले होते. टॉवेल-टोपीचं पुडकं आपल्याकडे कुणी फोडत नाही, तसंच पुढे सरकवतात. पुढच्या महिन्यात दौंडलाच एका वास्तुशांतीला गेले. निघताना कुंकू लावून यजमानीणबाईंनी माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. कागद माझा. चिकटपट्टीसुद्धा मीच लावलेली, वाकडी. दौंड हिंडून पोरगी माहेरी आली होती. उरलेल्यांची वाट मी पाहिली नाही.

मग मी धोरण बदललं. महेशला सांगितलं, की वरवर सगळं वाचण्यापेक्षा एकाच काळाचा सखोल अभ्यास करायचा, जगात हल्ली असंच चालतं. तो म्हणाला, आबांना हे तू सांग.

सईने मात्र तो सखोलपणा फारच मनावर घेतला. पुस्तक तिला तोंडपाठ झालं. मे महिन्यात आम्ही वडगावला राहायला गेलो, तर ती रोज नदीकाठची माती आणून अंगणात विटा थापायला लागली. हडप्पाच्या मापाच्या, उन्हात वाळवलेल्या. सांडपाण्याची झाकलेली गटारं होती म्हणे त्या लोकांकडे. तिनेही पाण्याच्या टाकीपासून गटार बांधायला घेतलं. मी गहू निवडत बसले होते. तिने विचारलं, "आई, उतार कुठल्या बाजूला आहे?" मी मान वर न करता बोट दाखवलं. आत्मविश्वासाने.

परीक्षेच्या दिवशी आबा खाटेवर, शेजारी सर्जेराव काका आणि साक्षीला गावच्या शाळेतले गुरुजी. सई उभी राहिली आणि बोलायला लागली. सरळ रस्ते, एकसारखी वजनं, मणी, मुद्रा आणि ती मडकं रंगवणारी मुलगी, जणू काल भेटून आल्यासारखी. काका तर पुढे सरकून ऐकत होते. "हे समदं त्या पुस्तकात हाय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच तर दिलंय," सई म्हणाली. काका जरा मागे सरकले.

मग ती म्हणाली, आता गटार दाखवते, आणि टाकीचा कॉक सोडला. पाणी विटांमधून झुळझुळ निघालं, कुठेही न तुंबता अंगण ओलांडून भिंतीखालून पलीकडे गेलं. गुरुजींनी टाळी वाजवली. मीही वाजवली. आबांनी मात्र वाजवली नाही, कारण भिंतीपलीकडे काय आहे ते त्यांना माहीत होतं.

भिंतीपलीकडे त्यांची कांद्याची चाळ होती. पावसाळ्यात भाव येईल म्हणून साठवलेला सगळा कांदा!

पुढचा तासभर आमच्या घराण्याने कांदा हलवण्यात काढला. आबा, काका, गुरुजी, महेश, सगळे चिखलात. मी ओढणीत भरभरून कांदे बाहेर टाकत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्याचं नव्हतं. मला सई व्हॅनमध्ये बसलेली दिसायला लागली होती, खिडकीशी, गप्प. खालचा थर तेवढा भिजला, बाकी वाचला. पण उतार मीच दाखवला होता.

गुडघ्यापर्यंत भिजलेले आबा परत खाटेवर बसले. त्यांनी सईला विचारलं, "मग? काय झालं पुढं त्या लोकांचं?"

सईने चाळीकडे पाहिलं. "काही जण म्हणतात, पूर आला. पण नक्की कुणालाच माहीत नाही आबा. अजून शोधतायत."

आबांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले, की काकांना त्यांची पाठ चोळावी लागली. "पोरगी घरीच शिकंल," ते डोळे पुसत म्हणाले. "एवढं तर मला माझ्या गुरुजींनी बी शिकीवलं न्हवतं." मी सईला जवळ ओढलं. सुटकेच्या भरात मी नको तेवढी हसले.

"शीतल," आबा माझ्याकडे वळले, "त्यांच्यामागनं कोन आलं गं?"

मी महेशकडे पाहिलं. तो एक कांदा पुसत होता. मी म्हटलं, "आबा, ते आम्ही जूनपासून घेणार आहोत." माझ्या आवाजात ठामपणा होता, फक्त उत्तर नव्हतं. आबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी घसा साफ करून म्हणाले, की शनिवारी सकाळची शाळा असते, सहावीला इतिहासाचा तास आहे आणि मागच्या बाकावर जागा आहे.

"ठरलं तर मग," आबा म्हणाले.

त्यामुळे आता शुक्रवारी संध्याकाळीच आम्ही वडगावला जातो. शनिवारी सई लवकर उठते, माझी पाण्याची बाटली भरते, माझं दप्तर तपासते आणि शाळेच्या फाटकापर्यंत मला सोडायला येते. मग निवांत घरी जाऊन शिकत बसते.