फेस बघणारे मामा

खालापूरच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी मामांना फसवलं. चूक स्वतः केली आणि मामांच्या माथी मारली. मी तिथे ससे पुरवायचो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

मामा म्हणजे तिथले प्राणी सांभाळणारे, राहायला भिसेगावला. आमच्या चौक गावाहून मी ससे घेऊन गेलो की हा माणूस माझं रक्त आटवायचा. आलेल्या प्रत्येक सशाची लघवी बाटलीत घेऊन हलवायची, फेस टिकला की ससा परत. मी भडकायचो, "मामा, ससा घेताय की जावई?"

"जावई चालंल रं कसाबी. ससा बघूनच घ्यावा लागतो."

फेस म्हणजे लघवीत प्रथिन, आणि प्रयोगच त्याचा होता. सशाला परक्या प्राण्याचं प्रथिन टोचायचं. सशाचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि ते पुंजके मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांत अडकतात. गाळण्या सुजतात, रक्तातलं प्रथिन लघवीत गळतं. मला हे मामांनी चहा पिताना समजावलं होतं. "आपल्या गाळणीत चोथा अडकला तर चहा तुंबतो. इथं चोथ्यापायी गाळणीच खराब व्हते."

अर्ध्या सशांना तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचायचे. एकदा डॉक्टर घाईत होते. मामा म्हणाले, "साहेब, ही रांग मिठाच्या पाण्याची हाय."

"तुम्ही पिंजरे धुवा," डॉक्टर म्हणाले, आणि प्रथिनाची सुई टोचत गेले.

दोन आठवड्यांत त्या रांगेच्या लघवीलाही फेस आला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, चौकचे ससे मुळातच आजारी होते. मामा गप्प बसले असते तर माझा धंदा बुडाला असता, त्यांची नोकरी टिकली असती. मी काही त्यांचा सोयरा नव्हतो. पण ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आले तवा एकाच्याबी मुतात फेस नव्हता. मी सवता बघितलंय."

मग डॉक्टरांनी बोलणं फिरवलं. म्हणे, कुठल्या सशाला काय टोचायचं ते लिहिलेली पिंजऱ्यांवरची कार्डं मामांनीच बदलली. मामांना काढून टाकलं.

मी भिसेगावला जाऊन त्यांच्यावरच ओरडलो, "माझ्यासाठी कशाला बोललात?"

"तुझ्यासाठी नाय रं. सशे चांगले होते."

मामा गेले त्याला वर्ष होत आलं. दहाव्यालासुद्धा एकाने मामींना विचारलं, "ते कार्डांचं खरं होतं का हो?" मी त्याची गचांडी धरली, पण त्याने काय होणार?

डॉक्टर, सुई तुमच्या हातात होती. भिसेगावला या, मामींसमोर उभे राहा आणि चार माणसांत सांगा, रांग कोणी चुकवली?