पोटाला लावलेला कान

नातवंडांनो,

परवा तुमच्यातल्या थोरलीचा फोन आला. सोनोग्राफीत बाळाचे ठोके मंद दिसले, एवढंच म्हणाली. तिला विचारूनच हे सगळ्यांना लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या श्रीरामपूरच्या उसाला पाथर्डीकडची टोळी आली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको बसली की नवऱ्याचा कोयता अर्धा होतो. त्यांच्यातली एक तरुण सून सरीत ओकताना दिसली, म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर लुकलुकणारा ठिपका दाखवला. "ठोके फार हळू आहेत. हृदय नुकतंच सुरू झालं असेल तर असं दिसतं. कदाचित थांबेलही. आठ दिवसांनी पुन्हा बघू, तोवर काही ठरवू नका."

त्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, परतल्यावर सासूने तिला आडवं पाडलं, उघड्या पोटाला कान लावला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "काय बी वाजंना. मेलंय आत."

"अहो, इतक्या लवकर कानाने ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"बाई, तुमी इंग्रजी शिकल्या. पोरं आमी काढली."

गर्भ पाडायच्या गोळ्या तिने आणूनच ठेवल्या होत्या. सुनेचा जबडा दाबून तिने त्या तोंडात कोंबल्या. सुनेने बोट कडकडून चावलं आणि गोळ्या रक्तासकट थुंकल्या.

मग नवरा उठला. केसांना धरून त्याने तिला बाहेर पाचटावर फरपटत आणलं. "आठ दिस बसून खाती व्हय? अर्ध्या कोयत्याला मुकादम उभा तरी करीन का मला?" त्याने पोटावर लाथ उगारली. ती गुडघे छातीशी घेऊन गोळा झाली, तशी लाथ पाठीत बसली. मग दुसरी. मी मध्ये पडले तेव्हा त्याच्या हातात ऊस होता. मनगट मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. तुमच्या आजोबांनी फडातून धावत येऊन त्याला मागून धरलं आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर त्याचं तोंड आपटलं, दात पडेपर्यंत. टोळीतलं कोणी हललं नाही.

ते आठ दिवस ती आपल्या स्वयंपाकघरात आतून कडी लावून राहिली. तो कुंपणाबाहेरून शिव्या द्यायचा, दगड मारायचा. पुन्हा तपासायला गेलो तेव्हा ती पडद्याकडे बघेचना.

"बघ गं, आता पळतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने मान वळवली नाही. "मी मोळ्या वाहिल्या म्हनून हळू हुतं का?"

"नाही. आणि थांबलं असतं तरी तुझ्या मोळ्यांनी नाही. इतक्या लवकर थांबतं ते बहुतेकदा बाळाच्या घडणीतच काही चुकलेलं असतं म्हणून."

तेव्हा कुठे तिने पडद्याकडे बघितलं.

थोरले, तुझं बाळ राहील असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पुन्हा तपासेपर्यंत कोणाच्याही कानावर विश्वास ठेवू नकोस, आणि स्वतःला दोष देऊ नकोस.

माझा डावा हात अजून पुरता वळत नाही. ती सून माहेरी राहते. तिची लेक यंदा तिसरीत आहे.