आरोपी नसलेलं पत्रक

आमच्या घरात पत्रकाला तीन गोष्टी लागतातच: कुणी केलं, कुणावर केलं आणि आमची मागणी काय. बाबांनी गोदामातल्या कामगारांसाठी, पाण्यासाठी, रस्त्यासाठी पत्रकं काढली आणि मी ती वाटतच मोठी झाले. त्यामुळे ताईच्या भाषणाचं पत्रक लिहायला बसले तेव्हा सरळ विचारलं, "आरोपी कोण?"

ताई पुण्याला रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी तपासते. खूप लांबून, दुसऱ्या दीर्घिकांमधून रेडिओ लहरींचे स्फोट येतात आणि पापणी लवायच्या आत संपतात. ते कशामुळे होतात, हे शोधणं तिचं काम. रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात ती आपल्या माणसांसमोर पहिल्यांदाच बोलणार होती.

"एकट्या दुर्बिणीला एवढंच कळतं, की काहीतरी झालं," ती म्हणाली. "लांब लांबच्या दुर्बिणींनी तोच स्फोट टिपला, तर कुणाकडे आधी पोचला, कुणाकडे किंचित नंतर, यावरून तो कुठून आला ते काढता येतं."

"म्हणजे पत्ता मिळाला. आता नाव सांग."

"नाव नाही माहीत."

"शेलार गावावरून माणसं येणार हायेत," बाबा म्हणाले. "त्यांना काय सांगशील, माहीत न्हाय?"

असा एक स्फोट आपल्याच आकाशगंगेतल्या एका चुंबकीय ताऱ्यातून आलेला सापडला, हे तिनेच कधीतरी सांगितलं होतं. बाबांनी तेवढंच धरलं आणि मथळा लिहिला: 'अवकाशातील स्फोटांमागे चुंबकीय तारेच!'

"हे छापलंत तर मी बोलायला उभी राहणार नाही."

"अगं, पकडला गेलाय ना तो?"

"एकदा! बाबा, वस्तीतला पोरगा एकदा सापडला, की पुढची प्रत्येक चोरी त्याच्याच नावावर टाकतात. त्या अन्यायाविरुद्ध पत्रक कुणी काढलं होतं?"

बाबांनी चष्मा काढला. "त्या पोराला आई होती रडायला. ताऱ्याला कोण हाय?" असं पुटपुटले, पण मथळ्यावर काट मारली.

आता काय लिहायचं? प्रत्येक मोर्चात साहेब बाहेर येऊन सांगायचे, चौकशी चालू आहे. त्या तीन शब्दांवर मी किती जळजळीत पत्रकं लिहिली होती! आणि आता तेच शब्द खरे म्हणून छापायचे होते. शेवटी छापलं: 'स्फोट कुठून येतात ते कळू लागलंय. कोण करतं, ते अजून नाही. ऐकायला या.'

धामणकर नाक्यावर एका रिक्षावाल्याने पत्रक उलटून पाहिलं. "किसके खिलाफ है?"

"किसी के नहीं."

"तो फिर बाँट क्यों रही हो?"

मी पुढच्या रिक्षाकडे वळले.

रविवारी ताई उभी राहिली. विहार निम्मा रिकामा होता. शेवटी मागून एका काकांनी विचारलं, "पण पोरी, करतंय कोण हे?"

"काका, चौकशी चालू आहे."

सगळे हसले, बाबासुद्धा. माझी मूठ सवयीने वर गेली होती. ती खाली घ्यावी की टाळी वाजवावी, मला कळेना.