नातीच्या डाव्या हाताची जागा

टीव्हीसमोरच्या दिवाणावर नातीच्या डाव्या हाताला माझी जागा होती. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तिच्या डावीकडे बसलं म्हणजे माझा उजवा कान तिच्या तोंडाशी येतो, ती हळू बोलली तरी कळतं. त्या जागेवर आता माझी विहीण बसते, म्हणजे सुनेची आई, आणि मी दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर. हे मला आवडलेलं नाही. कोणी विचारलं तर मी सांगेन. कोणी विचारत नाही.

तिथे बसून आम्ही दोघी थायलंड, जपान, कोरियाकडच्या मालिका बघायचो. दोन पोरांच्या प्रेमाच्या मालिका. नात त्यांना बीएल म्हणते, मी पोट्ट्यांच्या मालिका म्हणते.

नात नागपूरच्या विमानतळाकडे, मिहानमध्ये, एका कंपनीत कामाला आहे. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुवून मोबाईल घेऊन बसायची. एकदा मी चहा घेऊन गेले तर तिनं मोबाईल पालथा घातला.

"काय लपवून राहिली वं?"

"काही नाही वं आजी."

"काही नाही त मंग पालथा काहून घातला?"

तिनं कप हातात घेतला. मग म्हणाली, "दोन पोट्टे आहेत. त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. तुले नाही पटणार."

"मले पटते का नाही, ते मी पाहीन. कोणता कोणावर जास्त मरते, तेवढं सांग."

ती इतकी हसली की चहा सांडला. दुसऱ्या दिवसापासून मोबाईलचा टीव्ही झाला आणि मी तिच्या डाव्या हाताला बसू लागले. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, दोन-चार दिवस थोडं बघत बसला, मग त्याला संध्याकाळी फिरायला जाण्याची सवय लागली.

या मालिकांत खाली इंग्रजी अक्षरं धावतात. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मराठीत, आणि मराठी पेपरसुद्धा बोट ठेवून वाचते. म्हणून नात वाचायची आणि आपल्या बोलीत मला सांगायची. "हा म्हणते, काहून रुसला बे? तो म्हणते, मी कुठं रुसलो, माह्यं तोंडच असं आहे." ते ऐकता ऐकता मला वाटू लागलं होतं की बँकॉकमध्ये असंच बोलतात.

आता माझं मत. थायलंडचे पोट्टे कॉलेजात जातात, पण एकाच्याही हातात पुस्तक दिसत नाही. एक मोठ्या वर्गातला असतो, एक लहान. मोठा लहान्यावर डाफरतो आणि मग पाय घसरून त्याच्याच अंगावर पडतो. पडले की उठत नाहीत, गाणं संपेपर्यंत बघत राहतात. जपानच्या पोट्ट्यांना बोलायला फार जड जातं. अख्खा भाग जातो आणि एकानं दुसऱ्याला फक्त "थंडी आहे" म्हटलेलं असतं. मला तेच जास्त खरे वाटतात. कोरियाच्या पोट्ट्यांचे गाल तूप लावल्यासारखे, पण त्यांची मालिका रंगात आली की संपते. चीनकडे दोघं तलवारी घेऊन हवेत उडतात आणि शेवटपर्यंत भाऊ-भाऊ म्हणवतात. नात म्हणाली, तिकडे उघड दाखवायची परवानगी नाही. मी म्हटलं, डोळ्यांनी पाहून राहिले न एकमेकाले, त्याले कोण परवानगी मागते? घरं सगळ्यांची मोठी आणि रिकामी. भांडी कोण घासतं ते कधी दाखवत नाहीत.

वस्तीतल्या बाया हसतात, म्हातारीला या वयात हे काय लागलं म्हणून. दोन पुरुषांचं प्रेम असलं तर असो, कोणाचं काही सांडत नाही. मला त्रास होतो तो तापाचा. प्रत्येक मालिकेत एकाला ताप येतो आणि दुसरा उशाशी बसून त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतो. पट्टी सुकली की पुन्हा भिजवतो. मला टायफॉइड झाला होता तेव्हा माझा नवरा दारात उभा राहून विचारत होता, भाकरी कोण टाकणार? माणूस वाईट नव्हता, त्याला दुसरं काही सुचलं नाही. पण ती पट्टी बघितली की माझा जळफळाट होतो. त्याला दुसरं नाव देऊन काय करायचं?

आणि प्रत्येक मालिकेत एक पोट्टी असते. तिचा त्या पोट्ट्यावर आधीपासून जीव असतो. त्याच्यासाठी डबा आणते, त्याचा अभ्यास लिहून देते. मग दुसरा पोट्टा येतो आणि ही जळते. पोट्टा जळला तर त्याच्यावर वारा सोडतात, केस उडवतात, गाणं लावतात. पोट्टी जळली तर तिला वाईट ठरवून हाकलतात.

"मी हिच्या बाजूनं आहे," मी नातीला म्हटलं.

"हिच्या बाजूनं कोणीच नसते वं आजी."

"म्हणूनच त."

तेव्हा आमची जी मालिका सुरू होती, तिच्यातही अशी एक पोट्टी होती. ती एक दिवस स्टीलचा डबा घेऊन आली, तिनं दोघांना पाहिलं, डबा टेबलावर ठेवला आणि रडत गेली. मी नातीला विचारलं, डबा तिथंच राहिला का? नात म्हणाली, राहिला. पुढच्या भागात मोठ्या पोट्ट्याचा फोन वाजला तेव्हा नात म्हणाली, "तिचाच आहे. तिले बँकेत नोकरी लागली." नंतर पुन्हा वाजला. "तिनं गाडी घेतली. म्हणते, तुम्ही दोघं सुखानं राहा, पण माहा डबा वापस करा."

"बरोबर आहे तिचं," मी म्हटलं. "काहून सोडायचा डबा?"

त्यानंतर फोन वाजला की मी नातीकडे बघायचे. दोघा पोट्ट्यांचं काय ते होणारच होतं. मला डब्याची काळजी होती.

अशात विहीण आली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिचं घर धरमपेठेत तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आमचं घर तळमजल्यावर. सून म्हणाली, थोडे दिवस आई इथंच राहील. नाही कसं म्हणणार? विहीण शाळेत इंग्रजी शिकवायची. साडीला इस्त्री, चष्म्याला साखळी. पाय स्टुलावर लांब करून बसायला लागायचं, आणि स्टूल मावायला जागा दिवाणाच्या डाव्या टोकालाच होती.

"आजी, तू खुर्चीवर बस न वं थोडे दिवस," नात म्हणाली.

खुर्ची तिच्या उजव्या हाताला ठेवली. म्हणजे तिच्याकडे माझा बहिरा कान.

माझी आशा एकच होती. शिकवणारी बाई आहे, पोट्ट्यांची मालिका बघून नाक मुरडेल आणि आतल्या खोलीत जाईल. तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "अगं, किती छान आहे हे! मला आधी का नाही सांगितलंस?"

तिला खालची अक्षरं वाचता येत होती. नातीला आता सांगायचं कामच राहिलं नाही. त्या दोघी एकदम हसायच्या. मी विचारायचे, काय झालं? नात म्हणायची, "थांब आजी, सांगते." आणि सांगायचं राहून जायचं. विहीण मध्येच इंग्रजीत काही बोलायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची. माझी नात मला न समजणारी भाषा इतकी भराभर बोलते, हे मी पहिल्यांदा ऐकलं, तेही बहिऱ्या कानानं.

एकदा फोन वाजला.

"कोणाचा आहे वं?" मी विचारलं.

नातीनं विहिणीकडे बघितलं. "कोणाचा नाही आजी. असाच."

असाच फोन कोणाला येतो?

दरवर्षी उन्हाळ्यात मी भिवापूरच्या मिरच्या आणवते आणि त्यांची देठं स्वतः मोडते. या वर्षी मी ऐन मालिकेच्या वेळी सूप घेऊन कूलरसमोर बसले. कूलरचा वारा सुपावरून सरळ दिवाणावर जात होता. पहिली शिंक विहिणीला आली. मग दुसरी. मग शिंकांचा हिशेबच राहिला नाही. चष्मा काढून ती डोळे पुसू लागली.

"अहो विहीणबाई, हे आतल्या खोलीत नाही का करता येणार?"

"आत उजेड नाही, बाई."

"मग दुपारी करा ना."

"दुपारी तुम्ही झोपता. आवाज होते."

"मिरचीचा कसला आवाज?"

तेवढ्यात नातही शिंकू लागली, तिचं मला वाईट वाटलं. सून चिमटा हातात घेऊन स्वयंपाकघरातून आली ती माझ्याकडेच. "आई, काय मांडलंय हे?"

"तिखट संपलं न."

"बरणी भरलेली आहे, आई."

नातीनं उठून कूलर बंद केला. मग चौघीही घामानं भिजून बसलो आणि कोणाला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी नात तिचा टॅब घेऊन माझ्याकडे आली. "आजी, हे पाह्य. तीच मालिका, हिंदीत. आवाज मोठा करायचा असला त इथं दाब, मागं न्यायची असली त बोट असं ओढ. आता तुले कोणाची गरज नाही."

चांगल्या मनानं म्हणाली. मला वाटलं, निरोप दिला.

दुपारी विहीण झोपली होती. मी टॅब मांडीवर घेतला आणि पहिल्यापासून लावली. हिंदी मला चांगली येते, नागपुरात आयुष्य गेलं. पण त्या हिंदीत ते पोट्टे सरकारी साहेबासारखे बोलत होते. "क्या तुम मुझसे नाराज़ हो?" "नहीं, मेरा चेहरा ही ऐसा है." आमचा पोट्टा असा नव्हता बोलत.

पोट्टी आली, डबा ठेवला, गेली. पुढे फोन वाजला. मी टॅब उजव्या कानाशी धरला. फोन त्याच्या बापाचा होता. मी बोट ओढून मागे नेलं, पुन्हा ऐकलं. बापच. पुढचा फोन गॅरेजवाल्याचा, गाडी दुरुस्त झाली म्हणून. ती पोट्टी रडत गेली ती गेलीच. तिला बँकेत नोकरी लागली नाही, तिनं गाडी घेतली नाही. डबा कोणी मागितलाच नव्हता.

आधी राग आला. म्हातारीला येड्यात काढलं, असं वाटलं. मग लक्षात आलं की दिवसभर कंपनीत राबून यायचं, धावती अक्षरं वाचायची, ती आपल्या बोलीत सांगायची, आणि त्यात एक निघून गेलेली पोट्टी जिवंत ठेवायची, हे सगळं ती माझ्यासाठी करत होती. मी एकदा म्हटलं होतं की मी हिच्या बाजूनं आहे, तेवढ्यासाठी. विहिणीला सगळं वाचता येतं. तिच्या मालिकेत ती पोट्टी नाही.

हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. विहिणीच्या खोलीचं दार उघडं होतं. मी आत बघितलं, ती तोंड उघडं टाकून झोपली होती.

पण एक अडचण होती. हिंदीत समजतं म्हटलं की नातीचं मला सांगणं कायमचं बंद. म्हणून मी टॅब पालथा ठेवला आणि मिरच्या मोडत बसले, आतल्या खोलीत.

संध्याकाळी नातीनं विचारलं, "पाहिलं का वं हिंदीत?"

"पाहिलं. काही समजलं नाही."

"काहून? तू त भाजीवाल्याशी हिंदीत भांडते."

"भांडायची हिंदी येते मले. प्रेमाची नाही येत."

विहीण हसली. नात हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवशी शेवटचा भाग होता. मी माझी खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून ठेवली. टीव्हीकडे पाठ, तोंड भिंतीकडे. असं बसलं की नात माझ्या उजव्या हाताला येते.

"अहो, असं बसून तुम्हाला दिसणार काय?" विहीण म्हणाली.

"दिसते ते तुम्ही पाहा, बाई."

मालिका सुरू झाली. गाणं वाजलं, काहीतरी पडलं, विहीण "अगं बाई" म्हणाली. पोट्टे एकमेकांकडे बघत असणार. मग फोन वाजला.

"कुरिअरवाला आहे," विहीण म्हणाली. "खाली लिहिलंय."

नात माझ्या कानाशी वाकली. तिच्या तोंडाला आत्ताच खाल्लेल्या चिवड्याचा वास होता.

"तिचाच आहे वं आजी," ती म्हणाली. "म्हणते, डबा भेटला, पण झाकण नाही."

"तिले म्हणावं, झाकण भेटेपर्यंत फोन ठेवू नको."

"कसलं झाकण?" विहिणीनं विचारलं.

"थांब नानी, सांगते," नात म्हणाली. आणि सांगायचं राहून गेलं.