म्हातारपणाची सोय आणि लोखंडी जिना

काळेवाडीत त्या वर्षांत ज्याच्या हातात जमिनीचे पैसे आले, तो म्हातारपणाची सोय करायला लागला. सोय म्हणजे काय, तर खाली कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं द्यायच्या खोल्या आणि वर मालक. खालच्या खोलीला भाडं जास्त, कारण भाडेकरूला जिना चढायला नको. म्हातारा होणाऱ्या मालकानं मात्र चढायचा. ही अक्कल आमच्या अख्ख्या गल्लीला एकदमच आली. मी दुसरीपर्यंत शिकलेला, मला जरा आधीच आली.

जिना बाहेरून, लोखंडी. जागा वाचावी म्हणून वेल्डरनं इतका उभा केला, की कोंबडीनंसुद्धा चढताना विचार करावा. संडास खालीच. बायकोनं जिना वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाली, "म्हातारपणी गुडघं बी भाड्यानंच आणायचं का?" सगळे हसले. गवंडी सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याची मजुरी मिळाली होती.

भाडं येत राहिलं. पोरगा ते बँकेत टाकायचा, आमच्या म्हातारपणासाठी. लोक आमचं उदाहरण द्यायचे. मग एका सकाळी हिचं उजवं अंग लुळं पडलं. दवाखान्यातून आणली तेव्हा खुर्चीला बांधून वर चढवली. सारा वेळ तिनं डोळे मिटून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, रोज बाहेर बसवा. बाहेर म्हणजे आमची गॅलरी, पाण्याचं पिंप ठेवलं की संपली. आणि बाकीचं सगळं अंथरुणातच. बोलणं जड झालेलं, तरी एक गोष्ट रोज सांगायची, मला खाली न्या, उंबऱ्यात बसवा, माणसं दिसू द्या.

मी पोराला म्हणलं, खालची एक खोली आपण घेऊ. तो नुकताच सुपरवायझर झालेला, त्याला सगळीकडं नुकसानच दिसायचं. असा भाडेकरू परत मिळायचा नाही म्हणाला. मी हटेना, तेव्हा समजूत घातली, "आबा, ते भाडं तुमच्या म्हातारपणासाठी आहे. त्याला आत्ताच हात नका लावू."

"मग वर पडलीय ती कोन हाय?" मी म्हणलं.

त्याची शिफ्टची वेळ झाली होती.

मी खाली भाडेकरूकडं गेलो. मराठवाड्यातला माणूस. वर आमच्या खोलीत जायला तयार झाला, पण वरचं भाडं कमी करा म्हणाला, जिना फार उभा आहे. एवढं शहाणपण मला घर बांधताना कुणी विकत दिलं नव्हतं.

चौघांनी हिला उतरवली, उंबऱ्यात बसवली. जरा दम खाल्ला आणि पहिलं काम काय केलं, तर समोरच्या नळावरच्या भांडणात पडली. तोंड वाकडं, शब्द अर्धे, तरी जिंकली. हिवाळा आणि उन्हाळा तिथंच बसून तिनं गल्ली चालवली. मग गेली.

तेरावं झालं आणि पोरगा एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. मला एकट्याला खोली कशाला, मी वर त्याच्या बायकापोरांत निजावं, असं त्यानं ठरवलेलं. आत दोरीवर हिची लुगडी तशीच होती. मी उंबऱ्यात बसलेलो. जरा उठा, त्यांना आत बघायचंय, म्हणाला.

मी उठलो नाही. गिऱ्हाइकाला म्हणलं, "राव, खोली रिकामी न्हाई. माझं म्हातारपण ऱ्हातंय हितं."

तो बिचारा पोराच्या तोंडाकडं बघायला लागला.