शिंपीकाकांचा मुलगा चारदा गेला

आमचे शिंपीकाका बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. गिऱ्हाइकाला विजारीची लांबीसुद्धा बोटांनी दाखवायचे. मुलगा अपघातात गेल्यावर त्यांची झोप उडाली, तेव्हा बहिणीने त्यांना मनोविकारांच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यांच्या वाट्याला चौघंजण आले: डॉक्टर, समुपदेशक, समाजसेविका आणि नर्सबाई. चौघंही मायेची माणसं. प्रत्येकाने दार लोटून घेऊन विचारलं, "काका, अगदी पहिल्यापासून सांगा." काकांनी प्रत्येकाला मुलाचं जाणं पहिल्यापासून सांगितलं आणि मग दवाखान्यात जाणंच सोडलं.

दवाखान्यातून फोन आला, तो बहिणीने घेतला. "दादा म्हणतो, चौघांनी मापं घेतली, कापड कुणी बेतलंच नाही. आधी आपसात बोला म्हणावं."

मग चौघं पहिल्यांदा एका टेबलाशी बसले. ठरलं की काकांशी एकट्या नर्सबाई बोलतील आणि बाकीच्यांना त्याच कळवतील.

नर्सबाई घरी गेल्या. काकांनी सवयीने सुरुवात केली, "सकाळी तो गाडी घेऊन..."

"राहू द्या काका. ते सगळं आम्हाला ठाऊक आहे."

काकांनी हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाले, "डॉक्टरांच्या गोळ्या मी घेत नाही. घेतल्या की गाढ झोप लागते, मग तो स्वप्नात येत नाही. त्यांना सांगू नका."

"सांगावं लागेल, काका. पण मी सांगीन. तुम्हाला परत बोलायला लागणार नाही."

"म्हणजे त्याचं येणं आता बंदच," काका म्हणाले आणि नर्सबाईंसाठी पाणी आणायला उठले.