व्याह्यांना मिळालेली मदत

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला आणि सकाळी सिरसाळ्यात जो तो एकमेकाला विचारत होता, "तुमच्याकडं काय पडलं?" आमच्या घरात फळीवरचे डबे पडले होते आणि सासऱ्यांचा दाढीचा आरसा तडकला होता. गल्लीत तेवढ्याच गोष्टी कौतुकानं सांगणं चाललं होतं. दुपारी टीव्हीवर लातूर-उस्मानाबादकडची गावं दिसायला लागली आणि मग कुणी डब्यांचं बोलेना. त्या गावांत घरं नव्हती, दगडमातीचे ढीग होते. माझी एकुलती एक आत्या तशाच एका गावात दिलेली होती.

माझे वडील आधीच वारलेले. भाऊ नाही. त्यामुळे आत्याचं माहेर म्हणजे मीच, आणि मी सिरसाळ्यात, कापड दुकानदाराच्या घरात, नवी म्हणावी अशी सून.

गणपतीचा मांडव अजून सोडला नव्हता. त्याच मांडवात, त्याच सतरंजीवर मदत समिती स्थापन झाली. माझे सासरे अध्यक्ष झाले, कारण गावात त्यांच्या कपाळावरची विभूती सगळ्यात ठळक होती आणि दुकानासमोर ट्रक उभा करायला जागा होती. सचिव झाले शाळेतले एक मास्तर. त्यांना भाषण आणि बॅनर या दोन्ही गोष्टींची आवड. त्यांनी लगेच मजकूर केला, 'भूकंपग्रस्तांना सिरसाळावासीयांचा मदतीचा हात.'

त्या हातावर समिती फुटायची वेळ आली. अर्धे सभासद म्हणाले, हात कावून? हात एका पक्षाची निशाणी हाय, आमी त्या बॅनरखाली उभं ऱ्हाणार न्हाई. उरलेले म्हणाले, मग काय कमळ काढायचं का? टीव्हीवर माणसं ढिगारे उपसत होती आणि आमच्या मांडवात हात ठेवायचा की काढायचा यावर चहा चालला होता. शेवटी मास्तरांनी 'मदतीची ओंजळ' केली. ओंजळ कुठल्याच पक्षाची नाही, याची दोनदा खात्री करून मग रंगारी बोलावला.

कपडे आमच्या ओट्यावर जमा व्हायला लागले. माणसं मनापासून देत होती हे खरं, पण मन मोकळं करायला बसलेला माणूस कपाटही मोकळं करतो. बँडवाल्याचा लाल कोट आला. नवरदेवाचा जरीचा फेटा आला. शाळेच्या गॅदरिंगमधले मावळ्यांचे पोशाख आले, त्यांना तलवारीचे पट्टेही होते. एका बाईनं सोफ्याची खोळ आणून दिली आणि म्हणाली, "पांघरायला होईल." सासऱ्यांनी तर दुकानातले सफारीच्या कापडाचे तागेच्या तागे काढले. परळीत रेडिमेडची दुकानं झाल्यापासून ते कापड कुणी हातात धरत नव्हतं, आणि दिवाळीचा नवा माल ठेवायला फळ्या मोकळ्या हव्या होत्या. गावात मात्र बोलबाला झाला की शेठनं हात आखडता घेतला नाही.

अशात आत्याच्या गावचा एक माणूस परळीला सोयऱ्यांकडं आला होता, तो निरोप सांगून गेला. आत्या जिवंत होती. तिचा नवरा गेला होता.

मी सासऱ्यांना म्हणाले, "मला जाऊ द्या."

"रस्ते बंद हायती," ते म्हणाले. "आन् बायामाणसांचं काय काम तिथं? समितीचा ट्रक जाणार हाय, तुमच्या आत्याचं आमी बघू."

दोन-तीन दिवसांत समोरच्या कापडवाल्यानं आपला वेगळा ट्रक नेला. त्यानं घरातल्या बायका सोबत नेल्या होत्या. जिल्ह्याच्या पेपरात त्याचा फोटो आला. त्याची बायको एका म्हातारीला साडी देतेय, म्हातारी रडतेय, मागं हा हात जोडून उभा. सासऱ्यांनी तो पेपर बराच वेळ डोळ्यांपुढं धरला. मग आत आवाज दिला, "सूनबाई, सकाळी तयार ऱ्हा. तुमच्या आत्याला भेटायचंय ना?"

आम्हा लिंगायतांत कुणी गेलं की माहेरच्यांनी दुखवटा न्यायचा असतो. विधवेला साधं लुगडं न्यायचं, तिच्याजवळ जमिनीवर बसायचं, तिला आपल्या हातानं दोन घास भरवायचे. मी दुकानातून एक राखी रंगाचं नऊवारी बाजूला काढलं. सासऱ्यांनी पाहिलं.

"हे कशाला?"

"दुखवट्याचं."

"अहो, ट्रक भरून चाललाय. त्यातलंच एक देऊ की." लुगडं परत फळीवर गेलं.

अंबाजोगाई मागं टाकली आणि ट्रकच ट्रक दिसायला लागले. प्रत्येकावर बॅनर, प्रत्येकावर आधी देणाऱ्याचं नाव मोठं आणि मग भूकंपग्रस्तांचं बारीक. लातूरच्या पुढं रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडलेले. आमच्या आधी आलेल्या मदतीचे होते ते. मधल्या दिवसांत पाऊस झाला होता, त्यात सगळं भिजून चिखल झालेलं. एक गाय त्यावर निवांत बसली होती. मास्तर केबिनमध्ये माझ्या शेजारी होते. ते म्हणाले, "लोकांना किंमत नाही बघा." मागं आमचाही तसलाच माल हिंदकळत होता, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

आत्याच्या गावाबाहेरच्या माळावर तंबू होते. कुठल्या कुठल्या संस्था तळ ठोकून होत्या. एकीनं टूथपेस्ट वाटली होती. मुंबईच्या एकीनं नूडल्सची पाकिटं वाटली होती, ती कशी खायची हे कळेना म्हणून कुणीतरी म्हशीपुढं टाकली होती आणि म्हशीलाही कळलं नव्हतं. पावाच्या लाद्यांना बुरशी आली होती. भाकरी खाणाऱ्या गावात पीठ मात्र कुठं दिसेना. आम्हीही आणलं नव्हतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

ट्रक थांबताच मास्तरांनी बॅनर बांधायला घेतलं आणि लिंबाखाली बसलेल्या माणसांपुढं सुरू केलं, "निसर्गाच्या प्रकोपापुढे मानव किती क्षुद्र आहे, हे आपण सर्वांनी..."

एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "मास्तर, सकाळपास्नं तिसरं भाषण हाय हे. आटपा."

मी आत्याला शोधत निघाले. ती निळ्या ताडपत्रीच्या तंबूत बसली होती. अंगावर कुणाचं तरी फुलाफुलांचं पातळ, कपाळ मोकळं. मला बघून ती रडली नाही. जवळ ओढलं, माझे हात चाचपले आणि म्हणाली, "वाळलीस. सासू खायला देत न्हाई का?"

मीच रडले. ती मला घराकडं घेऊन गेली. घर म्हणजे दगडांचा उतार राहिला होता, त्यातून दाराच्या चौकटीचा एक तुकडा वर आलेला. त्या रात्री उकाड्यामुळं ती बाहेर ओट्यावर निजली होती. नवरा म्हणाला, बाहेर डास हायती, आन् आत गेला.

"आपल्यात बसवून पुरतेत," आत्या म्हणाली. "लिंग हातात देतेत. इथं सगळ्यास्नी एका सरणावर घातलं. पावसात जळंनात, घासलेट वतलं. मी कुणाला काय म्हणू? समद्यांचीच माणसं होती." मग ती चौकटीवरची माती बोटानं उगाच खरवडत राहिली. मी तिच्याजवळ उभी राहिले.

परत आलो तोवर मास्तरांना नातं कळलं होतं. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे अध्यक्षांच्या नात्यातच भूकंपग्रस्त? मग पहिली साडी यांनाच. बाई, तुम्ही इकडं या, बॅनरखाली." परळीहून आणलेला स्टुडिओवाला कॅमेरा घेऊन पुढं झाला. सासरे ट्रकच्या फाळक्यावर उभे होते, हातात नायलॉनची जांभळी साडी. त्यांनी ती खाली धरली.

आत्यानं साडीकडं पाहिलं नाही. ती सासऱ्यांकडं पाहत होती.

"इवाई," ती म्हणाली, "दुखवटा घिऊन आलाव, का वाटायला आलाव?"

सासरे गोंधळले. "म्हणजे... दोन्ही म्हणा की अक्का."

"दोन्ही कसं म्हणू? वाटायला आला असताल तर मी रांगेत उभी ऱ्हाते, माझा नंबर येईल तवा घेते. दुखवटा असंल तर असा गाडीवर उभं ऱ्हाऊन देतेत का तुमच्याकडं? जांभळा?"

रांगेतल्या बायका ऐकत होत्या. त्या गावात घरटी कुणी ना कुणी गेलं होतं, तरी एकीनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मास्तर कुजबुजले, "फोटोपुरतं घ्या हो बाई." आत्या त्यांना म्हणाली, "तुमी कोण? इवायाचे भाऊ हाव का?"

सासरे खाली उतरले. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा होता, माळावर सगळा चिखल. आत्या तंबूपुढं जाऊन बसली आणि तिनं समोरची जागा दाखवली. सोयऱ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. ते बसले. बसल्यावर काय बोलायचं ते त्यांना येत होतं, हे मला तेव्हा दिसलं. त्यांनी टोपी काढली, तिच्या नवऱ्याची आठवण सांगितली. माझ्या लग्नात त्यानं पंगतीत आग्रह करून सासऱ्यांना जिलेबी वाढली होती, ती. आत्या ऐकत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिचं त्या दिवसातलं पहिलं पाणी, आणि तेव्हा स्टुडिओवाला नेमका बिडी ओढायला गेला होता.

पण आत्या आत्याच होती. तिनं संस्थेच्या स्टोव्हवर, संस्थेच्या पातेल्यात, संस्थेच्या दूध पावडरीचा चहा केला. मग म्हणाली, "इवाई पैल्यांदा दारात आले. मोकळं कसं धाडू?" आणि तंबूत जाऊन टॉवेल-टोपी घेऊन आली. ते कोण्या संस्थेच्या पाकिटातलं होतं. टॉवेलवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत निळ्या शाईनं छापलं होतं, 'भूकंपग्रस्तांसाठी. विक्रीसाठी नाही.'

"अक्का, हे राहू द्या," सासरे म्हणाले. "तुमालाच लागंल."

"मला टोपी कशाला लागंल? घाला. मान हाय तुमचा."

मान नाकारता येत नाही. सासऱ्यांनी टॉवेल खांद्यावर घेतला, टोपी डोक्यावर ठेवली आणि रिवाजाप्रमाणं दोन्ही हात जोडले. ओंजळीचं बॅनर वाऱ्यानं एका बाजूनं सुटून नेमकं त्यांच्या मागं लोंबत होतं. एवढ्यात स्टुडिओवाला बिडी संपवून परतला आणि त्यानं दिवसातला सगळ्यात चांगला फोटो काढला.

तो फोटो पेपरात आला. पेपरवाल्यांची चूक म्हणता यायची नाही. चिखलानं माखलेला माणूस, खांद्यावर भूकंपग्रस्तांचा टॉवेल, जोडलेले हात, समोर वस्तू देणारी बाई. त्यांनी खाली छापलं, 'मदत स्वीकारताना एक भूकंपग्रस्त.' समोरच्या कापडवाल्यानं ते पान दुकानाच्या काचेला चिकटवलं. परळीचे दोन व्यापारी सासऱ्यांना भेटायला आले, काही कमी-जास्त लागलं तर सांगा म्हणाले. मास्तरांनी खुलासा पाठवला, तो छापून आला नाही.

सासरे पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फळीवरचं राखी लुगडं त्यांनी स्वतः काढलं, ज्वारीच्या पिठाचं पोतं बांधून घेतलं आणि मला म्हणाले, "चला." आम्ही एसटीनं गेलो. फोटोवाला नव्हता, मास्तर नव्हते. सासऱ्यांनी चिखलात बसून आत्याला भाकरीचा घास भरवला. त्यात त्यांना मोठेपणा वाटला असेल तर मी तो त्यांना देऊन टाकते. तोंडानं मात्र ते परत येताना म्हणाले, "तुमची आत्या लई आगाऊ हाय."

पुढं त्या गावाचं नवं गाव झालं. एका मोठ्या संस्थेनं बांधलेलं, चौकोनी, सगळी घरं एकसारखी. वर्षभर आत्या शेतातून येताना शेजारणीच्या घरात शिरायची. संडासात तिनं शेळी बांधली. घरं ताब्यात देताना झालेल्या वास्तूच्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं, मीही गेले. फीत कापली, हार झाले आणि संस्थेच्या साहेबांनी आत्याला माइकपुढं उभं केलं. लाभार्थी म्हणून दोन शब्द बोला, म्हणाले.

आत्यानं माइकला हात लावून पाहिला. "घर चांगलं हाय," ती म्हणाली. साहेब हसले, टाळ्या झाल्या. "पाणी न्हाई. नळ हाय, पाणी न्हाई. तिकडल्या गावातली हीर बुजवली, आन् इथं..."

माइक बंद झाला. ती बोलत राहिली. पुढच्या दोन-तीन रांगांना तिचं बोलणं नीट ऐकू येत होतं, पण त्या रांगांत आम्ही पाहुणेच बसलो होतो, नळाला पाणी नसलेले सगळे मागं होते.